रोमँटिक कविता आणि चित्रकला एकत्र शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमए इंग्लिशवाले, बीएफएवाले, नेटची तयारी करणारे आणि नुसतं कुतूहल म्हणून विचारणारे, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एका जागी टाकलेत. साधारण सोप्याकडून अवघडाकडे जातात, पण उड्या मारत वाचलं तरी चालेल, जिथे दुसरं उत्तर लागतं तिथे नंबर दिलाय.

१. रोमँटिक काळ नक्की कधीपासून कधीपर्यंत? साहित्यातला आणि चित्रकलेतला एकच धरायचा का?

परीक्षेत विचारलं तर इंग्रजी साहित्यासाठी १७९८ ते १८३२ लिहा आणि मोकळे व्हा. १७९८ ला वर्डस्वर्थ-कोलरिजचं 'लिरिकल बॅलड्स' आलं, १८३२ ला वॉल्टर स्कॉट गेला. पण ब्लेकचं 'साँग्ज ऑफ इनोसन्स' १७८९ चं आहे, म्हणजे सुरुवातीची रेघ तिथेच पुसली जाते. चित्रकलेत प्रकरण अजून लांबतं, कारण कीट्स, शेली, बायरन तिघंही १८२४ पर्यंत संपले आणि चित्रकार मात्र काम करत राहिले, जर्मनीतला फ्रीडरिश १८४० पर्यंत, इंग्लंडचा टर्नर १८५१ पर्यंत, फ्रान्सचा देलाक्रुआ तर थेट १८६३ पर्यंत जगला. त्यामुळे बऱ्याचदा कविता आधी आणि त्यावरचं चित्र वीस-तीस वर्षांनी असं दिसतं. आणि वर्डस्वर्थ किंवा कीट्स स्वतःला रोमँटिक म्हणवून घेत नव्हते, ते लेबल नंतरच्यांनी लावलंय.

२. कवितेतही निसर्ग, चित्रातही निसर्ग. एवढ्यावर तुलना होते का?

होते, पण तिला काही अर्थ नसतो. "दोघांनीही निसर्गाचं उदात्त रूप दाखवलं" हे वाक्य कुठल्याही दोघांबद्दल लिहिता येतं. आम्ही सगळ्यांना एकच सांगतो, आधी विचारा की या कवीने हे चित्र पाहिलं होतं का, कुठे पाहिलं, आणि कशा रूपात पाहिलं. तेव्हा फोटो नव्हते. लंडनची नॅशनल गॅलरी १८२४ ची, म्हणजे कीट्स गेल्यावर तीन वर्षांनी उघडलेली. त्याआधी मोठी चित्रं बघायची तर रॉयल अकॅडमीचं वार्षिक प्रदर्शन, नाहीतर कुणा श्रीमंताच्या घरी ओळख काढून जायचं, किंवा १८१७ नंतर डलिचची गॅलरी. बाकी सगळं प्रिंट्सवर. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली, बहुतेक काळी-पांढरी, मूळ चित्रापेक्षा कितीतरी लहान. म्हणजे कवी क्लोद लोरँ या निसर्गचित्रकाराचं नाव घेतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर क्लोदचा तो सोनेरी उजेड असेलच असं नाही, राखाडी रेघा असू शकतात! हे लक्षात घेतलं की कवितेतले रंग वेगळेच वाचायला लागतात.

याला एक ठळक अपवाद निबंधकार हॅझलिट. तो आधी चित्रकार होता, १८०२ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध थोडं थांबलं तेव्हा पॅरिसला जाऊन लूव्हरमध्ये टिशियनच्या नकला करत बसला होता. मोठा चित्रकार होणं काही जमलं नाही, पण त्याचे चित्रांवरचे निबंध वाचताना कळतं की या माणसाने हातात ब्रश धरलेला आहे.

३. मी बीएफएला आहे, कवितेची सवय नाही, इंग्लिशही जेमतेम. कुठून सुरू करू?

ब्लेकपासून. छोट्या कविता, सोपे शब्द, आणि मुळात त्या पानावर चित्रासकटच केलेल्या आहेत. विल्यम ब्लेक आर्काइव्ह ऑनलाइन फुकट आहे, तिथे एकाच पानाच्या वेगवेगळ्या प्रती शेजारी शेजारी लावून बघता येतात. आधी चित्र बघा मग ओळी वाचा, उलटं नको. पुढचं प्रश्न ४ मध्ये.

४. ब्लेक नक्की कवी की चित्रकार? आमच्या सिलॅबसमध्ये फक्त 'द टायगर' आहे, चित्र नाहीच.

पोट भरायचं काम विचारलंत तर तो एन्ग्रेव्हर, म्हणजे छपाईसाठी पत्र्यावर चित्रं कोरणारा, होता. १७७२ मध्ये, चौदाव्या वर्षी, जेम्स बझायर नावाच्या एन्ग्रेव्हरकडे सात वर्षांसाठी शिकायला राहिला, त्याने याला वेस्टमिन्स्टर ॲबीत जुन्या थडग्यांची ड्रॉइंग्ज करायला पाठवलं, आणि ते लांबट गॉथिक देह पुढे आयुष्यभर त्याच्या चित्रांत येत राहिले. १७७९ ला रॉयल अकॅडमीत गेला. तिथले सर्वेसर्वा रेनल्ड्स त्याला अजिबात पटले नाहीत, रेनल्ड्सच्या व्याख्यानांच्या पुस्तकाच्या समासात ब्लेकने अक्षरशः शिव्या घातल्यात, आणि त्या समासातल्या नोट्स आज मूळ व्याख्यानांइतक्याच आवडीने वाचल्या जातात.

आता मेथड नीट समजून घ्या कारण सगळी गंमत तिथे आहे. नेहमीच्या एचिंगमध्ये रेघ ॲसिडने खोल जाते आणि शाई त्या खाचेत बसते. ब्लेकने उलटं केलं. ॲसिड लागणार नाही अशा द्रवाने त्याने पत्र्यावर अक्षरं आणि चित्र एकाच हाताने काढलं, अक्षरं अर्थातच उलटी, आरशात दिसतात तशी, मग बाकीचा पत्रा ॲसिडने खाऊ दिला, उरलेल्या उंचवट्यावर शाई लावून छापलं आणि नंतर त्याने आणि बायको कॅथरीनने हाताने रंग भरले. त्यामुळे एक प्रत दुसऱ्यासारखी नाही, एकीत आभाळ निळं तर दुसरीत जवळजवळ काळं. कविता लिहिणं आणि चित्र काढणं ही दोन वेगळी कामंच उरली नाहीत. छापखान्याच्या टायपात टाकलेली ब्लेकची कविता ही मग खरं तर अर्धीच कविता झाली.

आणि 'द टायगर' चित्रासकट बघाच. ओळींमध्ये आग, घण, भट्टी, थरकाप, आणि खाली उभा असलेला वाघ बऱ्याच प्रतींमध्ये चक्क गरीब दिसतो, लहान मुलाच्या खेळण्यातला वाटावा असा. यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. कुणी म्हणतं ब्लेकला वाघ जमला नाही. आम्हाला ते पटत नाही, कारण भयंकर आकृत्या त्याने दुसरीकडे मस्त काढल्यात, त्यामुळे बोलणारा घाबरलाय आणि समोरचं जनावर तेवढं भयानक नाही असं काहीतरी त्याला दाखवायचं असावं. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण चित्र न बघता मत देऊ नका.

५. एक्फ्रासिस म्हणजे काय? चित्रावरची प्रत्येक कविता त्यात येते का?

चित्र, शिल्प, भांडं अशा कलावस्तूला समोर ठेवून किंवा कल्पून लिहिलेलं. खरी वस्तू असायलाच हवी असं नाही, होमरने केलेलं अकिलीसच्या ढालीचं वर्णन हे सगळ्यात जुनं उदाहरण आणि ती ढाल कुणी पाहिलेली नाही. नुसता उल्लेख असेल तर त्याला एक्फ्रासिस म्हणू नका.

याच्याबरोबर लेसिंगचं 'लाओकून' (१७६६) हमखास विचारलं जातं. त्याचं म्हणणं, कविता काळात पुढे सरकते, चित्र-शिल्प जागेत एकदम समोर असतं, म्हणून दोघांनी आपापल्या हद्दीत राहावं. रोमँटिक कवी नेमके ही हद्द ओलांडायला बघतात. कीट्सच्या 'ओड ऑन अ ग्रीशियन अर्न' या कवितेतल्या कलशावरचा प्रियकर चुंबनाच्या अगदी जवळ येऊन कायमचा थांबलाय, आणि कविता मात्र ओळीमागून ओळ सरकतेच आहे. परीक्षेत लेसिंग आणि कीट्स एकत्र जोडून लिहिलंत तर चांगले मार्क मिळतात.

६. कीट्सचा तो ग्रीक कलश कुठल्या म्युझियममध्ये आहे?

कुठेच नाही. दर वर्षी हा प्रश्न येतो. कवितेतल्या वर्णनाला तंतोतंत जुळणारा एकच कलश आजवर कुणाला सापडलेला नाही, तो वेगवेगळ्या गोष्टींतून डोक्यात तयार झालेला आहे. लूव्हरमधल्या सोसिबिओस नावाच्या संगमरवरी कलशाचं कीट्सने केलेलं म्हणतात असं ट्रेसिंग आहे, तेही पुस्तकातल्या चित्रावरून, म्हणजे परत प्रिंटच. बळी द्यायला नेलेली हंबरणारी कालवड बहुतेक अभ्यासक अथेन्सच्या पार्थेनॉन या देवळाच्या शिल्पपट्टीशी जोडतात, ती कीट्सने ब्रिटिश म्युझियममध्ये प्रत्यक्ष पाहिली होती (पुढचा प्रश्न).

एक गोष्ट सहसा शिकवली जात नाही. ही कविता १८१९ ची, आणि ती पहिल्यांदा छापून आली १८२० च्या सुरुवातीला 'ॲनल्स ऑफ द फाइन आर्ट्स' नावाच्या त्रैमासिकात. हे कलेचं त्रैमासिक होतं, चित्रकार, शिल्पकार आणि आर्किटेक्ट वाचायचे ते. म्हणजे "सौंदर्य हेच सत्य" ही ओळ पहिल्यांदा वाचली ती एल्गिन मार्बल्सवर (प्रश्न ७) तावातावाने भांडणाऱ्या मंडळींनी. ते डोक्यात ठेवून शेवटचं कडवं परत वाचा, ते एकदम एखाद्या चालू वादातलं वाक्य वाटायला लागतं.

७. एल्गिन मार्बल्सवर कीट्स आणि बायरन एकाच बाजूला होते का?

नाही, आणि दोघांचं भांडणही नव्हतं, दोघं वेगवेगळ्या प्रश्नावर बोलत होते. लॉर्ड एल्गिनने अथेन्सहून आणलेली ही शिल्पं ब्रिटिश सरकारने १८१६ मध्ये ३५,००० पौंडांना घेतली. बायरनने त्याआधीच, १८१२ मध्ये आलेल्या 'चाइल्ड हॅरल्ड'च्या दुसऱ्या सर्गात, एल्गिनला लुटारू म्हणून झोडपला होता. तो ग्रीसमध्ये जाऊन आलेला, मोकळी झालेली जागा त्याने बघितलेली. कीट्स ग्रीसला कधीच गेला नाही. त्याला १८१७ च्या मार्चमध्ये चित्रकार मित्र हेडन म्युझियममध्ये घेऊन गेला, आणि त्याने सॉनेट लिहिलं ते स्वतःच्या मरणाबद्दल, आभाळाकडे बघणाऱ्या आजारी गरुडाबद्दल. शिल्पांचं वर्णन त्यात जवळपास नाहीच! हेडन हा या शिल्पांचा सगळ्यात मोठा वकील, ती खरी ग्रीक आणि पहिल्या दर्जाची आहेत हे पटवण्यात त्याने बरीच वर्षं घालवली.

आजचा परत करा-नका करू हा वाद यात घुसवायचा असेल तर बायरन घ्या, कीट्सच्या सॉनेटमधून तो ओढूनताणून काढू नका.

८. 'ओझिमँडियस' शेलीने ब्रिटिश म्युझियममधला पुतळा बघून लिहिली ना?

असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं पण तारखा जुळत नाहीत. कविता जानेवारी १८१८ मध्ये 'एक्झामिनर'मध्ये छापून आली आणि दुसऱ्या रामेसीसच्या (ओझिमँडियस हे त्याचंच ग्रीक नाव) पुतळ्याचा तो प्रचंड वरचा भाग लंडनला पोचला त्यानंतर. पुतळा येतोय ही चर्चा होती, जुन्या ग्रीक इतिहासकाराने दिलेला त्यावरचा लेख माहीत होता, बस. शिवाय कविताच सांगते की मी नाही पाहिलं, मला एक प्रवासी भेटला त्याने सांगितलं. प्रश्न २ मधली कसोटी इथे लावली की "पाहिलेलंच नाही" असं उत्तर येतं, आणि कवितेबद्दल सगळ्यात कामाचं तेच निघतं.

शेलीचंच दुसरं उदाहरण याच्या उलट. फ्लॉरेन्सला उफिझीत मेडुसाच्या तुटलेल्या डोक्याचं चित्र त्याने १८१९ मध्ये प्रत्यक्ष पाहिलं आणि लिओनार्दोचं म्हणून त्यावर कविता लिहिली. ते चित्र लिओनार्दोचं नाहीच, आता ते एका फ्लेमिश चित्रकाराचं मानतात. म्हणून कविता खोटी ठरते का? नाही. पण "लिओनार्दोचा शेलीवर प्रभाव" असा पॅरा लिहू नका.

९. सब्लाइम, पिक्चरेस्क आणि ब्यूटिफुल यात सारखा गोंधळ होतो.

थोडक्यात. बर्कने १७५७ मध्ये दोन टोकं मांडली, ब्यूटिफुल म्हणजे लहान, गुळगुळीत, नाजूक, आणि सब्लाइम म्हणजे अफाट, अंधारं, ज्याची भीती वाटते पण आपण सुरक्षित अंतरावर आहोत म्हणून मजाही येते. पिक्चरेस्क मधलं, खडबडीत, पडकं, वेलींनी भरलेलं, चित्रात छान बसेल असं, हे मुख्यतः गिल्पिनच्या प्रवासवर्णनांतून पसरलं. लोक गडद रंगाचा छोटा बहिर्वक्र आरसा घेऊन फिरायचे, त्याला क्लोद ग्लास म्हणत, देखाव्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आरशात तो चित्रासारखा दिसायचा. (सेल्फीवर हसणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.)

गिल्पिनचं वाय नदीवरचं पुस्तक १७८२ चं आणि टिंटर्न ॲबी हा पडका ख्रिस्ती मठ त्यातला हिट स्पॉट, तरुण टर्नरनेही तिथली वॉटरकलर्स केली. वर्डस्वर्थची कविता १७९८ ची, नावात टिंटर्न ॲबी, आणि कवितेत ती पडकी ॲबी कुठेच नाही! नावातच लिहिलंय की काही मैल वर बसून लिहिली. लोक ज्याचं चित्र काढायला जात होते तेच त्याने गाळलं.

१०. म्हणजे वर्डस्वर्थला चित्रं आवडायची नाहीत?

गुंतागुंतीचं आहे. 'प्रिल्यूड' या आत्मचरित्रात्मक दीर्घकाव्यात तो डोळ्याला सगळ्यात हुकूमशहा इंद्रिय म्हणतो, म्हातारपणी सचित्र वर्तमानपत्रांवर वैतागून सॉनेट लिहितो. पण सर जॉर्ज बोमाँट हा हौशी चित्रकार त्याचा जवळचा मित्र आणि आश्रयदाता, आणि त्याच्या वादळातल्या पील कासलच्या चित्रावरची कविता ही वर्डस्वर्थच्या सगळ्यात दुखऱ्या कवितांपैकी. भाऊ जॉन १८०५ च्या फेब्रुवारीत जहाजासकट बुडाला होता, पुढच्या वर्षी हे चित्र त्याने पाहिलं. तो म्हणतो, आधी मी हा किल्ला काढला असता तर शांत समुद्र काढला असता, आता तसं जमणार नाही. चित्र न काढणाऱ्या माणसाने न काढलेल्या चित्राबद्दल लिहिलेलं आहे हे, आणि या यादीतली एकच कविता वाचायची तर आम्ही हीच सांगू.

चित्रांवर वैतागलेला तो एकटा नाही. निबंधकार चार्ल्स लॅमची तक्रार होती की शेक्सपिअरच्या नाटकांतल्या प्रसंगांची चित्रं लावलेल्या बॉयडेलच्या शेक्सपिअर गॅलरीने त्याच्या मनातल्या शेक्सपिअरचं नुकसान केलं.

११. टर्नर खरंच कविता करायचा का?

करायचा, आणि त्या बऱ्या नाहीत. रॉयल अकॅडमीच्या कॅटलॉगमध्ये चित्राच्या नावाखाली ओळी द्यायची मुभा होती, टर्नरने आधी टॉमसन, मिल्टन या कवींच्या दिल्या, मग १८१२ पासून 'फॅलसीज ऑफ होप' या स्वतःच्या दीर्घकाव्यातल्या म्हणून देऊ लागला. पूर्ण काव्य असं काही सापडत नाही, तुकडेच आहेत. १८४० च्या गुलामांच्या जहाजाच्या चित्राखालीही त्याच ओळी आहेत. चित्र महान, ओळी अडखळत्या, पण अभ्यासायच्या त्या जोडीनेच, कारण लाल आभाळ आणि पाण्यात फेकलेली माणसं बघताना "आशा आता कुठल्या बाजारात विकायची" असं तो विचारतो आणि मग ते चित्र नुसता सूर्यास्त राहत नाही, माणसांच्या व्यापाराचा हिशोब होतो.

१२. देलाक्रुआचं 'सार्दानापालसचा मृत्यू' बायरनच्या नाटकावरून आहे तर नाटकात ती कत्तल कुठल्या अंकात?

कुठल्याच नाही. बायरनच्या १८२१ च्या नाटकात राजा चिता रचतो, आणि प्रिय दासी मिऱ्हा स्वतःच्या इच्छेने त्याच्याबरोबर जळते. बायका, घोडे, नोकर डोळ्यादेखत मारले जातायत आणि राजा पलंगावरून थंडपणे बघतोय हा देखावा बायरनचा नाही. जवळपास पाच मीटर रुंद कॅनव्हास आहे, १८२७ च्या सलोंसाठी (पॅरिसचं मोठं अधिकृत चित्रप्रदर्शन) केलेला, आणि टीकाकारांनी तो धुऊन काढला. इथे "चित्राने नाटकाचं रूपांतर केलं" असं लिहिण्यापेक्षा बायरन या नावाला तेव्हा फ्रान्समध्ये काय अर्थ होता ते शोधा.

१३. धुक्यात पाठमोरा उभा असलेला माणूस रोमँटिक कवितेच्या प्रत्येक पुस्तकावर असतो. त्याचा वर्डस्वर्थशी काय संबंध?

काही नाही. फ्रीडरिशचं साधारण १८१८ चं चित्र, हॅम्बर्गला आहे, वर्डस्वर्थने ते पाहिल्याची काही नोंद नाही. प्रकाशकांना आवडतं एवढंच. फ्रीडरिशला साहित्याशी जोडायचं तर जर्मन माणसांशी जोडा. त्याचं समुद्रकाठच्या साधूचं चित्र १८१० मध्ये बर्लिनला लागलं तेव्हा लेखक क्लाइस्टने लिहिलं होतं की बघताना असं वाटतं जणू पापण्या कापून टाकल्यात. दोनशे वर्षांत त्या चित्राबद्दल कुणी याहून चांगलं लिहिलेलं आम्हाला तरी माहीत नाही.

१४. यात बायका कुठेच नाहीत का?

आहेत, सिलॅबसमध्ये नाहीत. फेलिशिया हेमन्सने प्रॉपर्झिया रॉसी या इटालियन शिल्पकार बाईच्या तोंडी कविता लिहिली (१८२८). लेटिशिया लँडनचं तर कामच हे होतं, तेव्हा दरवर्षी भेट द्यायला सचित्र पुस्तकं निघायची, प्रकाशक आधी एन्ग्रेव्हिंग पाठवायचा आणि तिने त्यावर कविता जुळवून द्यायची, ठरलेल्या तारखेला. भारतातल्या देवळांवरही तिने लिहिलं, भारतात कधी न येता. हा प्रकार हलका समजून सोडून दिला गेला, पण कविता आणि चित्र यांच्यात पैसा कसा फिरतो ते इथे उघड दिसतं. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला एलिझाबेथचा पलंगावर आडवा पडलेला देह आणि फुसेलीचं 'नाइटमेअर' यांची तुलनाही इथेच येते, त्या चित्राचे प्रिंट्स सगळीकडे होते आणि फुसेली मेरीच्या आईच्या ओळखीचा होता.

१५. महाराष्ट्राशी याचा काही खरा संबंध आहे की ओढूनताणून?

एक पक्का आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ ला मुंबईत आला, पुण्यात पेशवे दरबारात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं केली, वेरूळच्या लेण्यांची ड्रॉइंग्ज केली आणि १७९५ ला इथेच वारला. ती वेरूळची ड्रॉइंग्ज थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला प्रिंट म्हणून काढली. म्हणजे प्रश्न ९ मधली पिक्चरेस्क नजर वेरूळवर पडली आणि त्याच काळात इंग्लंडच्या दिवाणखान्यात पोचली. पुण्याचा गंगाराम तांबट इंग्रज रेसिडेंट मॅलेटसाठी तेच वेरूळ काढत होता, त्याची कामं आता अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. गंगाराम आणि वेल्स शेजारी ठेवून कुणी मराठीत प्रोजेक्ट करेल का, आम्ही वाट बघतोय.

केशवसुत आणि बालकवी रोमँटिक वळणाचे हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते आलं इंग्रजी पुस्तकांतून, चित्रांतून नाही. 'औदुंबर'मधला निळासावळा झरा कितीही चित्रासारखा वाटला तरी समोर चित्र होतं असं धरू नका, प्रश्न २ इथेही लागू.

१६. प्रबंधात चित्रं टाकली तर कॉपीराइटचं काय?

ही चित्रं स्वतः कॉपीराइटबाहेर आहेत, पण म्युझियमने काढलेल्या फोटोचे नियम जागेप्रमाणे बदलतात. न्यूयॉर्कचं मेट आणि येल सेंटर कॉपीराइटबाहेरच्या कामांचे फोटो मोकळे देतात, बाकीच्यांचं पान उघडून अट वाचा. कॅप्शनमध्ये माप लिहायला विसरू नका. ब्लेकचं पान तळहाताएवढं आणि सार्दानापालस भिंतीएवढा, लॅपटॉपवर दोन्ही सारखेच दिसतात.